रोममध्ये एक दिवस, एकट्याने आणि पायी

लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरहून रोमला जाणारा प्रवासी बहुधा कोलोसियम आणि व्हॅटिकन एकाच दिवसात उरकण्याचा बेत आखतो आणि त्याचा दिवस रांगांमध्येच जातो. या दोन ठिकाणांसाठी वेगळे दिवस ठेवावेत आणि एक दिवस पियाझा देल पोपोलो या चौकापासून जानिकोलो टेकडीपर्यंतच्या वाटेला द्यावा. अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे. परंतु रस्त्यांवर ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे उंचसखल चिरे बसवलेले असल्यामुळे नवे बूट किंवा पातळ तळव्याच्या चपला घालू नयेत.

सकाळी सातच्या सुमारास निघावे, म्हणजे त्रेवी कारंजे गर्दी होण्याआधी पाहता येते. वाटेत स्पॅनिश पायऱ्या लागतात. २०१९ पासून त्यांवर बसल्यास दंड होतो. पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज नाही. शहरभर अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळखांब असून त्यांतून पिण्याचे पाणी सतत वाहत असते. वाकड्या तोटीचे तोंड बोटाने दाबून धरले की तिच्या वरच्या बाजूच्या छिद्रातून धार उसळते आणि ओंजळ न धरता पाणी पिता येते. न्याहारीला कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्यावी, कारण टेबलावर बसल्यास बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात.

नऊच्या सुमारास पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरापाशी पोहोचावे. २०२३ पासून तिथे तिकीट आहे, पण ते वाचवू नये. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर आहेत, आणि त्यात लोखंडी सळई नाही. माथ्यावरचे भोक उघडेच असल्याने पाऊस थेट आत पडतो. ते पाणी वाहून जावे म्हणून फरशीत बारीक छिद्रे ठेवली आहेत, ती आवर्जून शोधावीत. सध्याची वास्तू दुसऱ्या शतकातील आहे. त्याआधीच्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून भडोच बंदराकडे गाड्यांतून आणि पुढे जहाजांतून रोमन साम्राज्याकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. तेरचे संग्रहालय पाहून रोमला जाणाऱ्यास हे शहर फारसे परके वाटत नाही.

जवळच सान लुइजी चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रे विनामूल्य पाहता येतात. अनेक चर्चे दुपारी काही तास बंद असतात, म्हणून हे बारापूर्वी उरकावे; खांदे आणि गुडघे झाकण्यासाठी एक उपरणे किंवा ओढणी जवळ ठेवावी. त्यानंतर नावोना चौकातून पुढे जाऊन सावलीत जेवावे. जुलैचे ऊन मराठवाड्याच्या माणसाला विशेष वाटत नाही, मात्र आपल्या गावी आपण भर दुपारी हिंडत नाही, हे तो विसरतो. माळकरी व्यक्तीने पेकोरिनो चीज टाळावे, कारण ते कोकराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरून करतात. टोमॅटो, लसूण आणि तेलाचा मारिनारा पिझ्झा बिनचीजचा असतो.

चारनंतर तिबर नदी ओलांडून त्रास्तेव्हेरेच्या गल्ल्यांत शिरावे. गर्दीत पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. तेथून जानिकोलोची चढण सूर्यास्तापूर्वी चढावी आणि वर पोहोचताच घरी फोन करावा. उन्हाळ्यात भारताची वेळ साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते, त्यामुळे फार उशीर केल्यास घरची मंडळी झोपलेली असतील.