जॉर्डनचा 2040 सालचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

आधी मागणी काढा, पुरवठ्याला नंतर हात घाला. सगळे आकडे दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी) ठेवा. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 दलघमी.

उदाहरणादाखल 1 कोटी 10 लाख लोकसंख्या आणि दरडोई रोज 100 लिटर धरले, तर वर्षाला 401.5 दलघमी पाणी घरांत पोचायला हवे. जॉर्डनच्या नळयोजनांत मात्र जवळपास निम्म्या पाण्याचा हिशेब लागत नाही. इथे हमखास चूक होते: 401.5 मध्ये त्याचेच 50 टक्के मिळवून 602 लिहिले जातात. खरे तर भागायचे असते: 401.5 ÷ 0.5 = 803. तूट 25 टक्क्यांवर आणली तर 535 पुरतात. वाचले 268. अकाबाला समुद्राचे पाणी गोडे करून अम्मानला आणायचा प्रकल्प आहे 300 दलघमीचा!

पण लगेच खूश होऊ नका. तुटीतली गळती वेगळी काढा, चोरी आणि बिघडलेले मीटर वेगळे. चोरलेले पाणीही कुणीतरी वापरतेच. तिथे मीटर बसवून वसुली वाढेल, पाणी फारसे नाही.

लोकसंख्या सरळ रेषेत पुढे नेऊ नका. 2011 नंतर सीरियातून लाखो निर्वासित आले, तसा धक्का धरून निदान तीन अंदाज करा. अम्मानमध्ये बऱ्याच भागांत नळ आठवड्यातून एखाद-दोनदाच येतो, म्हणून टँकरचे पाणीही मागणीत धरा.

आता पुरवठा. यार्मूक नदीची सरासरी घेऊ नका. 30 वर्षांचे वार्षिक प्रवाह उतरत्या क्रमाने लावा. 28 वा आकडा साधारण 90 टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे दहापैकी नऊ वर्षे निदान एवढे पाणी येते. वरच्या अंगाला सीरियात धरणे आणि विहिरी वाढण्याआधीची वर्षे यात मिसळलीत, तर उत्तर फुगलेले येईल.

दक्षिणेतल्या डिसीचे भूजल 2013 पासून 325 किलोमीटरच्या जलवाहिनीतून येते, वर्षाला 100 दलघमी. ते हजारो वर्षांपूर्वीचे आहे, पुन्हा भरत नाही. त्याचा रकाना वेगळा ठेवा.

अस-समरा केंद्रातले प्रक्रिया केलेले सांडपाणी किंग तलाल धरणातून जॉर्डन खोऱ्यातल्या शेतीला जाते. ते शहराच्याच पाण्यातून येते, म्हणून फक्त शेतीच्या पुरवठ्यात धरा; गटारजोडणी नसलेली घरे वजा करा.

शेवटचा रकाना विजेचा. एक घनमीटर पाणी 1,000 मीटर चढवायला 2.7 युनिट लागतात, 75 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला 3.6, समुद्राचे पाणी गोडे करायला साधारण 3 ते 4 युनिट वेगळे. लांब वाहिनीतल्या घर्षणाची वीज यात आलेली नाही, तीही मिळवा.