‘असं का?’ला उत्तर देताना या चुका टाळा

पोरं प्रश्न विचारतात ते रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींबद्दल. गुळाचा चहा का फाटला? बारा वाजले तरी सावली तिरकी का? गावात ऊन पडलंय, तरी पंचगंगेचं पाणी का चढतंय? आपण तोंडाला येईल ते सांगतो, पोरगं गप्प बसतं आणि तिथंच नुकसान होतं. एकदा चुकीचं उत्तर मिळालं की तो प्रश्न पुन्हा कुणी काढत नाही. कोल्हापुरात हमखास चुकीची उत्तरं मिळणारे काही प्रश्न इथं घेतलेत, आणि गाडी नेमकी कुठं घसरते तेही सांगितलंय. बहुतेक ठिकाणी उपाय एकच आहे: मिळालेल्या उत्तरालाच आणखी एक प्रश्न विचारायचा.

किरणोत्सव: अर्ध्या उत्तरावर थांबणं

वर्षातून दोनदा मावळतीच्या सूर्याची किरणं कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात थेट मूर्तीपर्यंत पोचतात, तोच किरणोत्सव. तो ठरावीक दिवसांतच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “दक्षिणायन-उत्तरायण बदलतं म्हणून.” ते अर्धं बरोबर आहे, म्हणूनच टिकून आहे. पण त्याला विचारून बघा. सूर्य दक्षिणेचं टोक गाठून मागं वळतो तो २१-२२ डिसेंबरला. मग किरणं त्या दिवशी न येता ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांतच का येतात?

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मोजा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे दक्षिणेकडं जाताना सूर्य क्षितिजावर ज्या जागी मावळतो, परत येताना तेवढ्याच दिवसांनी पुन्हा त्याच जागी मावळतो. ही जागा बरोबर पश्चिमेला नाही, तिच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला आहे. त्या दिशेनं आलेला उजेड महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात पोचतो. देऊळ बांधणाऱ्यांनी क्षितिज किती बारकाईनं पाहिलं असेल, हे ही आकडेमोड केल्यावर कळतं. नुसतं “चमत्कार आहे” म्हणून हात जोडले तर त्यांची हुशारी आपण झाकून टाकतो.

आता पुढचा प्रश्न: हे दोन-तीन दिवसच का? सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतं, आणि या काळात मावळतीची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. दोन दिवसांत सूर्य जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला जातो. एकामागून एक दारांच्या रांगेतून यायचं तर तेवढं सरकणंही पुष्कळ झालं. आणि किरणं आधी चरणांवर पडून मग वर का चढतात? सूर्य खाली उतरेल तसा उजेड आडवा होत जातो, म्हणून तो जास्त आत आणि जास्त वर पोचतो.

ज्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही असा प्रश्न मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. नोव्हेंबरात हा सोहळा पावणेसहाच्या आसपास होतो, फेब्रुवारीत सव्वासहाच्या आसपास. मावळतीची जागा तीच, दिवसाची लांबी तीच, मग अर्धा तास आला कुठून? तो घड्याळातून आला. आपलं घड्याळ सरासरी सूर्यावर चालतं. खरा सूर्य त्याच्याबरोबर चालत नाही, कारण पृथ्वीची आस कललेली आहे आणि तिची कक्षाही नेमकी गोल नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरा सूर्य घड्याळाच्या साधारण १६ मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला जवळपास १४ मिनिटं मागं. दोन्हींची बेरीज करा, अर्धा तास मिळतो.

किरणोत्सवाला तिथीही शोधू नका. तिथी चंद्रावरून ठरते, म्हणून नवरात्र दरवर्षी मागंपुढं होतं. किरणोत्सव फक्त सूर्याचा, म्हणून त्याच्या तारखा हलत नाहीत. आणि एखाद्या वर्षी किरणं चरणांपर्यंतच आली तर लगेच देऊळ खचल्याच्या गोष्टी पसरवू नका. आधी पश्चिमेला बघा. मावळतीचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. ढग, धूळ, धूर, मधे आलेलं बांधकाम, यातलं काहीही त्याला अडवू शकतं.

बारा वाजता सूर्य डोक्यावर?

नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून मोजली जाते. कोल्हापूर साधारण ७४.२ अंशावर, म्हणजे बरंच पश्चिमेला. दर अंशाला ४ मिनिटं धरली की आपल्याकडं सूर्य सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी सगळ्यात उंच येतो. अंगणात काठी सरळ उभी करा आणि सव्वाबारापासून सावलीच्या टोकाला खडूनं खुणा करत जा. सगळ्यात आखूड सावली बाराला मिळणार नाही.

तेव्हाही सूर्य अगदी डोक्यावर असतोच असं नाही. कोल्हापुरात तो तसा वर्षातून दोनदाच येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टात आपल्याकडं आभाळ भरलेलं असतं, म्हणून शाळांनी हा प्रयोग मे महिन्यातच करावा. सुट्टी असली तरी गल्लीतल्या पोरांना गोळा करून होतो.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे “थंडीत सूर्य लांब जातो.” उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ती सुमारे १५.२ कोटींवर जाते. थंडी पडते ती किरणं तिरपी पडतात आणि दिवस लहान होतो म्हणून. हे तपासायला एकच प्रश्न पुरे: अंतरामुळं थंडी पडत असती, तर आपल्याकडं हिवाळा असताना ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा?

गुळाचा चहा फाटला की भेसळीवर खापर

चहा फाटला की पहिला शब्द “भेसळ”. कधी ती असेलही, पण चांगल्या गुळानंही दूध फाटतं. दुधातलं केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. आंबटपणा वाढला की हे कण एकमेकांना चिकटतात, आणि दूध उकळत असेल तर त्यासाठी थोडासा आंबटपणाही पुरतो. गूळ मुळात किंचित आम्लधर्मी असतो, शिवाय त्यात उसाच्या रसातले क्षार असतात. साखर शुद्ध केलेली असते, म्हणून तिच्यानं असं होत नाही.

उपाय सोपा आहे. गूळ चहाच्या पाण्यातच विरघळवा, चहा उकळू द्या, गॅस बंद करा आणि मग वेगळं तापवलेलं दूध वरून घाला. त्यानंतर पुन्हा उकळी काढू नका. चहा तरीही फाटला तर गूळ जुना आणि आंबूस झालाय का ते चाखून बघा.

रंगावरून निकाल देणं ही त्याहून मोठी चूक. पिवळाधमक गूळ शुद्ध आणि काळपट गूळ हलका, असं बाजारात धरलं जातं. पण रस जास्त वेळ आटला तरी गूळ गडद होतो, उसाची जात आणि जमीन बदलली तरी रंग बदलतो. आणि उजळ रंग रसायन घालूनही आणता येतो.

गुऱ्हाळावर जाऊन उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. काहिलीत रस तापतो, त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस पडतो, त्याच्या बुळबुळीत धाग्यांत गाळ अडकून मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. चुना घालतात तो रसातला आंबटपणा मारायला. आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात. हे तुकडे वाढले की खडा नीट धरत नाही, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं. गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो, तेव्हा तो हेच सगळं बोटांनी तपासत असतो. पावसाळ्यात गूळ पाघळतो तोही याच कारणानं. त्याला हवाबंद डब्यात ठेवा. पाघळला म्हणजे खराब झाला, असं लगेच धरू नका.

“हे आपल्याकडं पूर्वीपासूनच आहे”

इतिहासाबद्दलच्या प्रश्नांत ही चूक सगळ्यात जास्त होते. मिसळीच्या एका ताटलीत बघा. मटकी इथलीच, भारतातली. पण तर्रीला लाल करणारी मिरची, टोमॅटो आणि बटाटा हे तिन्ही अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. मिरची आपल्याकडं आली ती त्यानंतर, त्यांच्या जहाजांतून. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. तांबड्या रश्श्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. परक्या बियाला आपल्या मातीनं इतकं आपलं करून घेतलं, हे त्या अभिमानाचं खरं कारण आहे.

मिरची जास्त झाली की पाणी पिणं ही आणखी एक चूक. मिरचीतलं कॅप्सेसीन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर फिरवतं. दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसीन आणि स्निग्धांश कॅप्सेसीनला धरून घेऊन जातात. शरीरातला चटका ओळखणारा जो संवेदक कॅप्सेसीनमुळं जागा होतो, त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

याच्या उलट चूकही होते: “बाहेरच्या जगाशी आपला संबंध पोर्तुगीज-इंग्रजांपासूनच.” त्यासाठी टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन जगाची कारागिरी, आणि सापडली सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्रापासून घाट चढून आल्यावर. पोरांना आधी ती मूर्ती दाखवा, माहिती मागाहून सांगा. “ही इथं कशी आली?” हे ती आपणहून विचारतात, आणि मग व्यापाराच्या वाटांबद्दल मनापासून ऐकतात.

पाऊस थांबला, मग पाणी का चढतंय?

दर पावसाळ्यात हा प्रश्न जिवाचा होतो, आणि चूक एकच असते: आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून अंदाज बांधणं. पंचगंगेचं पाणी शहरात पडत नाही. ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून येतं, म्हणजे गगनबावडा-राधानगरीकडच्या घाटमाथ्यावरून. तिकडचा पाऊस इथं पोचायला वेळ लागतो. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; तिथं कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेला उतरायला जागा मिळत नाही आणि पाणी मागं फुगतं.

राधानगरी धरणाचा दरवाजा उघडल्याची बातमी आली की “कुणी सोडलं पाणी?” म्हणून चौकात वाद रंगतो. ते दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव ठरलेल्या पातळीला भरला की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. वाद घालण्यापेक्षा तीन आकडे बघा: घाटमाथ्यावर आदल्या दिवशी किती पाऊस झाला, राधानगरीचे किती दरवाजे उघडे आहेत, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे. तिथं ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. नदीकाठच्या गल्लीत राहत असाल तर बाहेर ऊन असलं तरी ३९ च्या आतच सामान माळ्यावर चढवायला घ्या.