वयस्क कुत्र्यासाठी सांध्यांचे सप्लिमेंट निवडताना

वयस्क कुत्र्याच्या सांध्यांसाठी काय द्यावे हा प्रश्न बहुतेक घरांत पेट शॉपच्या काउंटरपाशी उभे राहिल्यावर पडतो आणि मग दुकानदार जो डबा पुढे करील तो घरी येतो. अशा डब्यांवर दरमहा बरेच पैसे जातात. मात्र परिणाम सिद्ध करण्यासाठी औषधांना ज्या चाचण्यांतून जावे लागते, त्यांतून बहुतेक सप्लिमेंट गेलेली नसतात. म्हणून डब्यावरच्या ठळक दाव्याला भुलण्याऐवजी कुत्र्याचे निदान, त्याचे वजन आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरे या तीन गोष्टी समोर ठेवून निवड करावी.

दुखणे संधिवाताचेच आहे याची आधी खात्री करून घ्यावी. संधिवात हळूहळू वाढतो. झोपून उठल्यावर अंग आखडलेले असते आणि थोडे चालल्यावर ते मोकळे होते. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलले जातात. सोफ्यावर उडी मारण्यापूर्वी कुत्रा घुटमळतो. मागच्या मांड्या बारीक होत जातात आणि एखादा सांधा सतत चाटला जातो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहीखाली उतरतो, तेव्हा हे आखडणे अधिक ठळकपणे दिसते. याउलट काल तळजाईच्या टेकडीवर धावणारा कुत्रा आज पाय टेकवत नसेल, त्याचे अंग तापले असेल किंवा त्याने जेवण सोडले असेल, तर सप्लिमेंटचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेकड्यांवर आणि सोसायटीच्या बागांतही कुत्र्यांना गोचिडी चिकटतात आणि त्यांच्यामार्फत होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारांत सांधे सुजून कुत्रा लंगडू शकतो. हे रक्ततपासणीत कळते आणि त्यावर प्रतिजैविके द्यावी लागतात. या आजारात प्लेटलेट घटतात, तर सांध्यांसाठी दिले जाणारे माशाचे तेल मोठ्या मात्रेत प्लेटलेटच्या कामात व्यत्यय आणू शकते. त्यामुळे निदानाआधी घरच्या घरी तेल सुरू करणे धोक्याचे ठरू शकते.

त्यानंतर वजन. याबाबत डॉक्टर जे सांगतात ते आपण सगळेच एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देतो, पण सांध्यांसाठी याहून भरवशाचा उपाय नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्या गटातील कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे १.८ वर्षांनी अधिक भरले आणि संधिवातही त्यांना उशिरा गाठू शकला. बरगड्यांवर हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज लागायला हव्यात. त्या लागत नसतील, तर तूप लावलेला पोळीचा तुकडा, चहाच्या वेळचे बिस्किट आणि आजी-आजोबांच्या ताटातून गुपचूप सरकणारा घास यांचा हिशेब आधी करावा. जाड कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे कमी होताना दिसते.

आता प्रत्यक्ष सप्लिमेंटकडे वळू. आजवरच्या अभ्यासांचा सर्वांत चांगला आधार ओमेगा-३ मेदाम्लांना आहे, आणि त्यातही माशाच्या तेलात असणाऱ्या ईपीए आणि डीएचए या दोन घटकांना. शरीरात दाह निर्माण करणारी काही रसायने ज्या मेदाम्लापासून बनतात त्याची जागा ईपीए घेते आणि त्यामुळे सांध्यातला दाह मंदावतो. खरेदीत लोक फसतात ते नेमके इथेच. डब्यावर पुढे ‘माशाचे तेल १००० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते. मागे पाहिले तर नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा ऐवज ३०० मिलिग्रॅमच निघतो. संधिवातासाठी दर किलो वजनामागे रोज साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईपीए व डीएचए मिळून दिले जाते. २४ किलोच्या कुत्र्यासाठी मधली ७५ ची मात्रा धरली तर रोज १८०० मिलिग्रॅम, म्हणजे अशा सहा कॅप्सूल लागतील. एखाद्या चिकनच्या चवीच्या गोळीत दोन्ही मिळून ५० मिलिग्रॅमच असतील, तर तेवढ्यासाठी ३६ गोळ्या द्याव्या लागतील. मग त्या गोळीची किंमत कितीही कमी असो, ती महागच पडली. दोन डब्यांची तुलना करताना छापील किंमत पाहू नये, तर आपल्या कुत्र्याची पूर्ण मात्रा भरण्यासाठी रोज किती रुपये लागतील ते काढावे. अधिक संहत, म्हणजे तेवढ्याच तेलात ईपीए-डीएचए जास्त असलेले, तेल त्या हिशेबात पुष्कळदा स्वस्त ठरते.

पहिल्या आठवड्यात एका कॅप्सूलपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवावी, कारण एकदम दिलेल्या तेलाने जुलाब होतात. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या कुत्र्याला आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या कुत्र्याला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात आणि सांध्यांसाठी लागणाऱ्या मात्रेत ती अंगावर येऊ शकतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात तेलाची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि खवट वास आला तर टाकून द्यावी.

शाकाहारी घरांत इथेच अडचण येते आणि मग जवसाकडे हात जातो. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते व त्याचे ईपीएमध्ये रूपांतर करण्याची कुत्र्याच्या शरीराची क्षमता फार तोकडी असते. जवसाची चटणी तर मुळीच देऊ नये, कारण तिच्यातला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो. शैवालापासून काढलेले तेल हा अशा घरांसाठी चांगला मार्ग आहे. त्यात डीएचए भरपूर असते, मात्र ईपीए किती आहे ते लेबलवर पाहून घ्यावे.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही बाजारातली सर्वांत ओळखीची जोडी; तिचा आधार मात्र दुबळा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ओमेगा-३ ला अनुकूल निष्कर्ष निघाला आणि या जोडीचा उपयोग दिसून आला नाही. ती सहसा अपायकारक नसते, त्यामुळे डॉक्टरांनी सुचवली असेल तर देऊन पाहायला हरकत नाही. पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी ओमेगा-३ वर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडच्या हिरव्या कडेच्या शिंपल्यांची पूड आणि टाइप दोन प्रकारचे अविकृत (मूळ रचना न मोडलेले) कोलॅजेन यांच्याविषयी काही आशादायक निष्कर्ष आहेत. यातले कोलॅजेन रोज ४० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत देतात. चमच्याने मोजून द्यायच्या नेहमीच्या कोलॅजेन पावडरशी त्याची गल्लत करू नये.

कॅल्शियमच्या सिरपविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. ‘हाडे कमकुवत झाली असतील’ म्हणून ते पुण्यातल्या कितीतरी घरांत वयस्क कुत्र्याला रोज पाजले जाते; पण संधिवातात बिघडतो तो सांध्याचा कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, आणि तिथला दाह वाढतो, कॅल्शियमची उणीव हे त्याचे कारण नसते. संतुलित आहार घेणाऱ्या कुत्र्याला त्याचा काही उपयोग होत नाही. हळदीतले कर्क्युमिनही आतड्यातून फार कमी शोषले जाते, त्यामुळे हळद-दुधावर विसंबून राहू नये. माणसांच्या सप्लिमेंटपैकी चघळायच्या गोळ्या आणि गमी टाळाव्यात, कारण त्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा असू शकतो आणि तो कुत्र्याच्या जिवावर बेततो. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीदेखील देऊ नये.

निवडलेले सप्लिमेंट खरोखर लागू पडते का, हे ओळखण्यासाठी सुरुवात करण्याआधी मोबाइलवर बाजूने दोन चित्रफिती घ्याव्यात: एक सकाळी झोपेतून उठतानाची, दुसरी नेहमीचा जिना चढतानाची. मागचा भाग एका झटक्यात उचलला जातो की दोनदा प्रयत्न करावा लागतो, गुळगुळीत फरशीवर पाय बाजूला सरकतात का, डोके खाली-वर होते का, हे त्यात स्पष्ट दिसते. चार आणि आठ आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा चित्रण करावे. प्रेमापोटी आपल्याला सुधारणा दिसू लागते, म्हणून केवळ आठवणीवर भिस्त ठेवू नये. एका वेळी एकच नवे सप्लिमेंट सुरू करावे, नाहीतर गुण कशाचा आणि जुलाब कशामुळे हे कळणार नाही.

आठ आठवड्यांनी चित्रफितींत फरक नसेल, तर ते बंद करून सर्व पाकिटे आणि त्या चित्रफिती डॉक्टरांना दाखवाव्यात. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखे वेदनाशामक केव्हा सुरू करायचे हे ते मूत्रपिंड व यकृताची रक्ततपासणी करून ठरवतील. कुत्रा दुखण्याने रात्री कूस बदलत असेल, तर हे आठ आठवडे पुरे होण्याची वाट पाहू नये.