पणजीहून रेल्वेने सावंतवाडी, एका दिवसात: या चुका टाळा

आमच्या इमारतीत डोंबिवलीचा एक मुलगा भाड्याने राहायला आलाय. नोकरी पणजीत, रविवार मोकळा. परवा जिन्यात भेटला आणि म्हणाला, "काका, पणजी स्टेशनवरून सावंतवाडीची पहिली लोकल किती वाजता आहे?"

एका वाक्यात तीन चुका. पणजीला स्टेशन नाही, कोकण रेल्वेवर लोकल नाही आणि 'पहिली' विचारून उपयोग नाही, विचारायची ती शेवटची. पण त्याला हसायचा मला अधिकार नाही. यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत, त्याही अख्ख्या कुटुंबाला सोबत घेऊन.

पणजीचं स्टेशन म्हणजे करमळी

पणजी राजधानी असली तरी रेल्वे शहरात येत नाही. जवळचं स्टेशन करमळी, जुन्या गोव्याजवळ, साधारण अकरा-बारा किलोमीटरवर. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडवरून फोंड्याकडे जाणाऱ्या बस जुन्या गोव्यावरूनच जातात, म्हणून लोक बिनधास्त निघतात. बस सोडते मुख्य रस्त्यावर आणि स्टेशन आत आहे, हे उतरल्यावर कळतं. हातात पिशव्या आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर तेवढं अंतरही गाडी चुकवायला पुरतं. मी स्कूटर करमळीला लावतो आणि अर्धा-पाऊण तास आधी पोचतो. स्टेशनला लागूनच करमळीचं तळं आहे. थंडीत तिथे अडई बदकांचे थवे उतरलेले असतात, त्यामुळे वाट बघणं जड जात नाही. शेवटच्या मिनिटाला धापा टाकत येणाऱ्यांना ते तळं कधी दिसतच नाही.

कारवार-काणकोणकडे जायचं असेल किंवा कुळेची पॅसेंजर धरायची असेल तर करमळीला येऊ नका, सरळ मडगावला जा. मंगळुरूची मेमू (विजेवरची पॅसेंजर) मडगावहून सुटते, आणि वास्को-कुळे ही वाट कोकण रेल्वेची नाहीच, ती दक्षिण पश्चिम रेल्वेची.

नावातला 'रोड' न वाचणं

ही माझी खास चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी मुलांना घेऊन आले होते. आई होतीच. मी बेत आखला: सकाळच्या गाडीने सावंतवाडी, मोती तलाव, राजवाडा, चितार आळीत लाकडी खेळणी, जेवण आणि संध्याकाळच्या गाडीने परत. "स्टेशनवरून तलाव चालत दहा मिनिटं," असं मी छातीठोक सांगितलं. विचारलं कोणालाच नव्हतं. गावाचं नाव स्टेशनला आहे म्हणजे स्टेशन गावातच असणार, एवढाच माझा आधार.

स्टेशनच्या पाटीवर 'सावंतवाडी रोड' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड'चा अर्थ असा की गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे. स्टेशन मळगावच्या बाजूला आणि गाव कित्येक किलोमीटर पुढे. आम्ही उतरलो, धाकट्याला पाणी पाजलं, आईची चप्पल शोधली आणि बाहेर आलो तोवर आवार रिकामं. एक गृहस्थ सावलीत बसले होते. त्यांना रिक्षा कुठे मिळेल विचारलं तर म्हणाले, "आता खय गावतली? रिक्षा गाडयेवांगडा येतत नि गाडयेवांगडाच जातत." म्हणजे रिक्षा गाडीबरोबर येतात आणि गाडीबरोबरच जातात. पाऊण तास उन्हात काढला, तेव्हा एक टेम्पोवाला दयाळू निघाला.

यातून शहाणा झालो असेन, तर तसंही नाही. चितार आळीत मुलांनी लाकडी फळांची परडी आणि बैलगाडी यांतलं काय घ्यायचं यावर तासभर घातला. मग जेवायला बसलो, सोलकढी दोनदा मागवली. निघालो तेव्हा रिक्षा मिळायला वेळ लागला. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीच्या शेवटच्या डब्यावरचा तांबडा दिवा दूर जाताना दिसत होता. पुन्हा त्याच वाटेने गावात, एसटी स्टँडवर. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत रात्री पणजीला पोचलो. माझी स्कूटर करमळीला. भावोजी एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. आई मात्र बोलली, "तुझ्या बाबांनी नेलं असतं तर आधीच एसटीने नेलं असतं."

तेव्हापासून मी पाट्या वाचतो. राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड आणि तिकडे खाली गोकर्ण रोड, सगळी याच जातकुळीतली. दोष कोणाचा नाही. वेगाने गाड्या पळवायच्या म्हणून हा मार्ग शक्य तितका सरळ आखला, त्यासाठी नव्वदहून जास्त बोगदे खोदले. जुनी गावं वसली होती खाडी, बाजार आणि बैलगाडीच्या वाटा बघून. रूळ त्यांच्या दारात येतील कसे? 'रोड' नसलेली स्टेशनंही निष्पाप नाहीत. म्हापशासाठी थिवीला उतरावं लागतं आणि पेडण्याचं स्टेशन मालपेत आहे. त्यातल्या त्यात कुडाळ बरं, गाव जवळ आहे.

आता माझी पद्धत अशी: गाडी थांबायच्या आधी दारापाशी. उतरलो की थेट रिक्षा, चहा नंतर. ज्या रिक्षाने गावात जातो त्याच माणसाचा नंबर घेऊन परतीची वेळ पक्की करतो, चार पैसे जास्त गेले तरी. ॲपवर रिक्षा मागवून बघणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा.

जाण्याची गाडी आधी ठरवणं

लोकलच्या सवयीची माणसं इथे हमखास फसतात. त्यांना वाटतं, ही गेली तर पुढची येईल. कोकण रेल्वेचा मार्ग एकेरी आहे. दुहेरीकरण झालंय ते वरती रोहा ते वीर, जेमतेम सत्तेचाळीस किलोमीटर. समोरून गाडी यायची असली की एकीने बाजूच्या रुळावर थांबायचं, आणि थांबते ती बहुतेक वेळा पॅसेंजर. वेळापत्रकातला पाऊण तास प्रत्यक्षात दीड तास होऊ शकतो, हे धरूनच चालायचं.

म्हणून मी कागदावर पहिल्यांदा परतीची गाडी लिहितो, मग उलटं मोजत येतो. मला मांडवी एक्सप्रेस सोयीची वाटते. सकाळी मडगावहून मुंबईकडे जाणारी करमळीला धरायची आणि संध्याकाळी मुंबईहून येणारीने परत. ती हुकली तर सावंतवाडी स्टँडवरून पणजीची शेवटची बस कधी, हे गावात पाऊल ठेवताक्षणी विचारून ठेवायचं. हे विचारायला लाज वाटणारी तरुण मंडळी नंतर टॅक्सीला किती मोजतात तेही मी ऐकलंय.

पावसाळ्यात हे सगळं पुन्हा मोजायला लागतं. वेगावर मर्यादा येते, वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. मे महिन्यात काढलेला वेळापत्रकाचा फोटो ऑगस्टमध्ये दाखवणारे महाभाग दरवर्षी भेटतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूकच थांबली होती. कोकण हिरवं दिसतं ते पावसातच, कबूल. पण जुलैत मी एका दिवसाच्या सहलीला रेल्वेने जात नाही, बसने जातो.

बाकीच्या, थोडक्यात

तिकीट पॅसेंजरचं आणि चढणं एक्सप्रेसमध्ये: खिडकीवर गाडीचं नाव सांगा. विनातिकीट सापडलात तर कमीत कमी २५० रुपये दंड, वर भाडं.

मोबाइलवर जनरल तिकीट काढायचं तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा. आत आल्यावर ते तसं निघत नाही, क्यूआर कोड शोधत फिरावं लागतं. आणि पहाटे उठल्या उठल्या काढून ठेवायची घाई नको. जवळच्या प्रवासाचं जनरल तिकीट घेतल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने निघायचं असतं.

जनरलचे डबे बहुधा गाडीच्या टोकांना असतात. फलाटाच्या मधोमध उभं राहून गाडी आली की धावणं हा व्यायाम आहे, प्रवास नव्हे. आणि जनरलच्या तिकिटावर "दोनच स्टेशनं आहेत" म्हणत स्लीपरमध्ये बसू नका.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात सहल काढू नका. गाड्या गावी जाणाऱ्यांच्या असतात.

दूधसागरला गाडीतून उतरून रुळांवरून चालत जाणं: करू नका. रील बघून जाणाऱ्यांना २०२३ च्या जुलैत पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे. गाडीच्या खिडकीतून धबधबा दिसतो, तेवढ्यावर समाधान नसेल तर पावसाळा संपल्यावर कुळेहून जीपने जा.

डोंबिवलीकराला हे सगळं जिन्यात उभं राहून सांगितलं. रविवारी तो गेला. रिक्षावाल्याचा नंबर घेतला, सोलकढी एकदाच प्यायला, परतीची गाडी वेळेवर धरली. रात्री साडेआठला त्याचा फोन आला, "काका, करमळीला उतरलोय. पणजीची बस कुठून मिळेल?"

मी स्कूटरची किल्ली घेतली.