विरघळणारा स्टेंट सुचवलाय? मग हो म्हणायच्या आधी काय काय विचारायचं

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं आणि डॉक्टर म्हणाले की हवा असेल तर विरघळणारा स्टेंटपण टाकता येईल, की आपण लगेच हो म्हणून मोकळे होतो, आयुष्यभर छातीत धातू कोणाला हवाय. थांबा जरा. आणि हो, हार्ट अटॅक येऊन टेबलावर झोपवलं असेल तर यातलं काहीच विचारत बसू नका, डॉक्टर जो टाकतील तो टाकू द्या. हे सगळं तारीख घेऊन, ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीसाठी आहे.

आयडिया खरंच चांगली आहे. फुग्याने उघडलेल्या धमनीला आधार लागतो तो पहिले काही महिने, नंतर ती जाळी, म्हणजे स्टेंट, नुसती पडून असते. म्हणजे स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात तसं. काही स्टेंट पीएलएलए नावाच्या पॉलिमरचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, असतात, ते रक्तातल्या पाण्यानेच हळूहळू तुटतं, त्याचं लॅक्टिक ॲसिड होतं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. याला साधारण ३ वर्षं लागतात. दुसरे मॅग्नेशियमचे, ते बरेचसे वर्षभरातच जातात. दोन्हींवर औषधाचा थर असतोच, धमनी परत भरून येऊ नये म्हणून.

आता बरेच पेशंट घाबरत घाबरत विचारतात की विरघळताना तुकडा सुटून वाहत गेला तर? आणि घरचे हसतात. हसू नका, प्रश्न अगदी बरोबर आहे. जाळीच्या काड्या धमनीच्या भिंतीत नीट दाबून बसल्या असतील तर काही महिन्यांत त्यांच्यावर पातळ अस्तर चढतं आणि मग त्या आतल्या आत तुटल्या तरी फरक पडत नाही. पण काडी भिंतीपासून लांब राहिली, अस्तर चढलंच नाही, तर तुटताना ती रक्ताच्या वाटेत लोंबते आणि तिच्यावर गुठळी होऊ शकते. म्हणजे सेंटरिंग स्लॅब व्हायच्या आधीच निसटलं. ॲबट कंपनीच्या ॲब्सॉर्ब या पॉलिमरच्या स्टेंटमधे जे झालं त्याचं हे एक मोठं कारण. युरोपमधे २०११ ला परवानगी, अमेरिकेत जुलै २०१६ ला, आणि सप्टेंबर २०१७ ला कंपनीने विक्रीच बंद केली. ॲब्सॉर्ब ३ नावाच्या ट्रायलमधे पहिल्या वर्षात गुठळी १.५ टक्के लोकांत, मेटलवाल्यांत ०.७ टक्के. काड्याही जाड होत्या, साधारण १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तुलनेतल्या मेटलच्या स्टेंटच्या ८१. २०१८ च्या युरोपियन गाइडलाइनने तर सरळ सांगितलं की हे स्टेंट सध्या फक्त अभ्यासापुरतेच वापरा. त्यानंतर पातळ काड्यांचे, मेरिल कंपनीच्या मेरेस१०० सारखे १०० मायक्रॉनचे, आले.

म्हणून पहिला प्रश्न, स्टेंट नक्की कुठला आणि काड्या किती जाड. "लेटेस्ट आहे" हे उत्तर नाही. नाव लिहून घ्या.

दुसरा, माझी धमनी किती मिलिमीटरची आहे. सव्वादोनपेक्षा बारीक असेल तर ॲब्सॉर्बचा अनुभव वाईट होता, अशा ठिकाणी मी तरी हट्ट धरणार नाही. खूप कॅल्शियम साचलंय, फांदी फुटते तिथेच ब्लॉक आहे, किंवा डाव्या मुख्य धमनीत आहे, तर विषय तिथेच सोडा आणि चांगला मेटलचा औषधी स्टेंट घ्या, तो काही कमीपणा नाही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी विचारत नाही, तो म्हणजे बसवणार कसा. यात तीन पायऱ्या आहेत: आधी फुग्याने जागा नीट मोकळी करायची, मग माप अचूक घ्यायचं, आणि स्टेंट टाकल्यावर परत एका कडक फुग्याने तो भिंतीला दाबून बसवायचा. मेटलचा थोडा लहान पडला तर आणखी ताणता येतो, पॉलिमरचा मर्यादेबाहेर ताणला की काडी मोडते, आणि ती एक्सरेत दिसतही नाही. म्हणून ओसीटी किंवा आयव्हस म्हणजे धमनीच्या आतून कॅमेऱ्यासारखं बघणं, ते करणार का हे स्पष्ट विचारा, आणि असे स्टेंट तुम्ही किती बसवलेत हेपण. डॉक्टर चिडतील असं वाटतं, पण नियमित हे काम करणारे चिडत नाहीत.

चौथा प्रश्न स्वतःला. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर वगैरे, डॉक्टर सांगतील तितके महिने एकही दिवस न चुकवता घेणार का? विरघळणारा म्हणजे गोळ्या लवकर सुटतील असं खूप जणांना वाटतं, उलट जास्त दिवस लागू शकतात. येत्या वर्षात एखादं ऑपरेशन ठरलं असेल, अल्सर असेल, कुठून रक्त जात असेल, तर आत्ताच सांगा. दात काढायला गेलात आणि तिथे गोळी बंद करा म्हणाले तरी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बंद करायची नाही. कोलेस्टेरॉलची गोळी तर चालूच राहते, सिगारेट बंदच, कारण जाळी विरघळते, आजार नाही. छातीत परत दाब आला, घाम फुटला, तर 'उद्या बघू' असं नको, लगेच हॉस्पिटल.

डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं कार्ड मागून घ्या, त्यावर नाव, माप, तारीख आणि कुठल्या धमनीत टाकला ते असतं. त्याचा फोटो मोबाईलमधे ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. ॲब्सॉर्बसारख्या स्टेंटमधे दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे बारीक ठिपके असतात, बाकी सगळं विरघळलं तरी ते तसेच राहतात, आणि दहा वर्षांनी दुसरीकडे कुठे अँजिओग्राफी झाली तर तिथल्या डॉक्टरांना फक्त ते ठिपके दिसतील, ते कशाचे हे त्या कार्डावरूनच कळेल.