आजीच्या लग्नाचा पिवळा पडलेला फोटो गिंपमध्ये कसा नीट करायचा

आजीच्या लग्नाचा आमच्याकडे एकच फोटो, तोही ओल येणाऱ्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेला, त्यामुळे अर्धा पिवळट तपकिरी झालाय, कधीतरी दुमडला असणार म्हणून मधोमध भेग आणि वर बुरशीचे ठिपके. असे फोटो खूप घरांत आहेत म्हणून मी काय केलं ते सविस्तर लिहितोय. गिंप हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं.

आधी फ्रेमचं बघा. फोटो काचेला चिकटला असेल तर प्लीज ओढून काढू नका, वरचा थर काचेलाच राहतो आणि चेहराच जातो, सरळ काचेसकट स्कॅन करा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करायचा, का ते पुढे कळेल. ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) ठेवा, म्हणजे ४ बाय ६ इंचाचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयने ८ बाय १२ इंचाची प्रिंट निघते. फाइल टिफ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, जेपेग प्रत्येक वेळी एडिट करून सेव्ह केलं की थोडं थोडं खराब होत जातं. स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद.

आता कलर स्कॅन का, तर कलर फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांचा, म्हणजे चॅनलचा बनतो आणि पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे तो निळ्या चॅनलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाही! कलर्स मेनूत कंपोनंट्स, त्यात एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट, तिथे आरजीबी रेड निवडा. मी हे केलं आणि आजीच्या पदरावरचा भला मोठा डाग एका झटक्यात फिका पडला, हाताने पुसत बसलो असतो तर दोन रात्री गेल्या असत्या. (मूळचाच सेपिया म्हणजे तपकिरी छटेचा फोटो असेल तर तो रंग पण जातो, तो नंतर परत देता येतो.)

मग कलर्स मेनूतलं लेव्हल्स, फोटोतला काळा-पांढरेपणा ठरवायला. तिथे दिसणाऱ्या ग्राफच्या खालचा काळा त्रिकोण ग्राफ जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणि पांढरा जिथे संपतो तिथपर्यंत सरकवायचा, त्याच्या आत नाही, नाहीतर पांढऱ्या धोतराच्या चुण्या उडून जातात.

आता खरं काम. कंट्रोल शिफ्ट डी दाबून लेयरची (फोटोच्या थराची) कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा, खालचं मूळ हवंच. एच दाबलं की हील टूल (डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून बुजवणारं) येतं, डागाच्या शेजारच्या चांगल्या जागी कंट्रोल धरून क्लिक, मग डागावर छोटे छोटे क्लिक, ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा. भेग जिथे साडीच्या काठावरून किंवा चेहऱ्याच्या कडेवरून जाते तिथे हील टूल रंग फिसकटवतं, तिथे क्लोन टूल (जशीच्या तशी नक्कल करणारं) घ्या, बटण सी.

आणि चेहऱ्यावर हात जपून. मी आजीच्या हनुवटीवरचा ठिपका बुरशी समजून पुसला, आई बघून म्हणाली, "अरे, ते गोंदण आहे तिचं!" लगेच खालच्या लेयरवरून परत आणलं. तेव्हापासून चेहऱ्याला हात लावायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवतो. एका क्लिकमध्ये फोटो नवा करून देणारं एक ॲपही वापरून पाहिलं, चेहरा एकदम स्वच्छ आला पण डोळे दुसऱ्याच कुणाचे, कारण जिथे माहिती नाही तिथे ते अंदाजाने भरतं. मला ते अजिबात पटत नाही, थोडा धूसर चालेल पण चेहरा तिचाच पाहिजे.

शार्पन (कडा ठळक करणं) सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं, नाहीतर कागदाचे कण वर येतात. काम एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाइलमध्ये) सेव्ह करा म्हणजे लेयर्स राहतात, नातेवाइकांना पाठवायला वेगळं जेपेग एक्सपोर्ट करा.

हां, फोटो फ्रेममधून सुटा निघाला तर मागची बाजू पण स्कॅन करा. आमच्या फोटोमागे पेन्सिलने लिहिलेलं आजीचं माहेरचं नाव सापडलं.