पापुअन भाषांमधील सूर नोंदवताना या चुका टाळा

न्यू गिनी बेटावर हजाराच्या आसपास भाषा आहेत; त्यांतल्या बहुतेकांना पापुअन म्हणतात. त्यांतल्या कित्येकांचे भाषक आता काही शेकड्यांपुरतेच उरले असून, मुले पूर्वेकडे टोक पिसिन ही इंग्रजीवर आधारलेली संपर्कभाषा आणि पश्चिमेकडे मलाय किंवा इंडोनेशियन बोलू लागली आहेत. यांपैकी अनेक भाषांत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. हा सूर नोंदवताना झालेली चूक पुढे दुरुस्त करायची, तर विचारायला कोणीतरी जाणते माणूस हयात असावे लागते.

सर्वांत जास्त नुकसान एकेकट्या शब्दांच्या यादीने होते. मराठीत ‘आंबा, केळी, पेरू’ असे सांगताना शेवटच्या शब्दावर आवाज खाली येतो. तो उतार ‘पेरू’चा नसून यादी संपल्याचा असतो. तसाच उतार अनोळखी भाषेत ऐकून शब्दाला ‘नीच सूर’ लावला, की पुढचे सगळे वर्गीकरण चुकते. म्हणून भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४८ साली सविस्तर मांडलेली चौकटीची पद्धत वापरावी: एकच वाक्य कायम ठेवून त्याच्या मधल्या जागी एकेक शब्द बसवायचा, आणि मग चौकट बदलून पुन्हा ऐकायचे. कान साशंक असेल तर भाषकाला शब्दाची चाल तोंडाने शीळ घालून दाखवायला सांगावे. व्यंजने गळून पडतात आणि चढउतार स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र सूर असणारच, असे धरून चालणे. उच्च आणि नीच असे दोन सूर प्रत्येक अक्षरावर मोकळेपणाने येत असतील, तर तीन अक्षरी शब्दांत आठ आणि चार अक्षरी शब्दांत सोळा आकृतिबंध सापडायला हवेत. ते न सापडता, शब्द लांब असो वा आखूड, तेच मोजके चढउतार पुन्हा पुन्हा येत असतील, तर ती चाल अक्षराची नसून अख्ख्या शब्दाची आहे. पापुआ न्यू गिनीच्या सान्डाउन प्रांतातील मियान भाषेत सेबास्टियन फेडन यांनी अशीच व्यवस्था दाखवली आहे. सूर कोणत्या घटकाला चिकटतो, हा प्रश्न मार्क डोनोह्यू यांनी १९९७ मध्ये न्यू गिनीतील सूरव्यवस्थांच्या वर्गीकरणात मध्यवर्ती ठेवला, आणि माझ्या मते सुरांची संख्या मोजण्याआधी तोच विचारायला हवा.

शब्दात एकच ठळक उंचवटा दिसला की ‘सुराघाताची भाषा’ म्हणून मोकळे होण्याचा मोहही आवरावा. लॅरी हायमन यांनी २००९ मध्ये दाखवले, की या नावाखाली एकमेकींशी न जुळणाऱ्या व्यवस्था गोळा होतात. उंचवटा नेमका कुठे येतो, किती वेळा येऊ शकतो आणि काही शब्द त्याविना असतात का, हे लिहावे. नाव नंतर देता येते. ‘पापुअन सूर’ हे नावही तितकेच फसवे आहे, कारण पापुअन हे एक भाषाकुल नसून अनेक कुलांना दिलेले सोयीचे नाव आहे.

केवळ नामे तपासून थांबू नये. बेटाच्या पश्चिम भागातील मांबेरामो नदीच्या खोऱ्यातील इआऊ भाषेत ‘बे’ हे एकच अक्षर सुरानुसार विस्तव, साप, वाट किंवा काटा होते; पण क्रियापदावर तोच सूर क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, अशा गोष्टी सांगतो. नामांच्या यादीत व्याकरणाचा हा भाग हातीच लागत नाही.

मोजमापात दोन भाषकांच्या कंपनसंख्येच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. काळी एकमध्ये गाणारा आणि काळी चारमध्ये गाणारी यांचा सा वेगळा असतो, तरी चाल तीच राहते. म्हणून प्रत्येक भाषकाचा सूर त्याच्याच पट्टीशी ताडावा. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या संगणक प्रणालीतील सुराचा आलेख अचानक निम्म्यावर कोसळला, तर तो बहुधा सूर नसून गणनेची चूक असते. अशा वेळी त्या भाषकाच्या आवाजाला साजेशी किमान व कमाल मर्यादा ठरवून आलेख पुन्हा काढावा. ‘ब’ किंवा ‘द’नंतरचा स्वर ‘प’ किंवा ‘त’नंतरच्या स्वरापेक्षा किंचित खाली सुरू होतो, हेही तुलनेसाठी शब्दांच्या जोड्या निवडताना ध्यानात ठेवावे.